जबड्याखालच्या गाठी

गेल्या पावसाळ्यात माझे डोळे पिवळे झाले. पोटात दुखणं नाही, पण खाज अशी की रात्री कंगव्यानं पाठ खाजवायचो. आमच्या खानापूर भागात कावीळ म्हटलं की आधी झाडपाला. दोन आठवडे त्यातच गेले. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, १४ वर गेलं तेव्हा मुलानं बेळगावात दाखवलं.

एमआरसीपीत, म्हणजे पित्तनळीच्या एमआरआय फोटोत, यकृताच्या तोंडाशी पित्तनळी आवळलेली, रक्तात सीए १९-९ हे कॅन्सरची शंका आणणारं द्रव्य वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, पित्तनळीचा कॅन्सर, यकृताचा भाग काढावा लागेल. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

पाव्हण्यांच्या सांगण्यावरून मिरज गाठली. तिथल्या डॉक्टरांनी फाईल उघडायच्या आधी माझ्या जबड्याखाली चाचपलं. "मामा, ह्या गाठी कधीपासून?" वर्ष झालं असेल, दाढेमुळं असतील म्हणून मी सोडून दिलेल्या. मग काम विचारलं. बेळगावच्या उद्यमबाग कारखान्यांच्या वसाहतीत तीस वर्षं लेथवर, हात कायम कटिंग ऑइलमध्ये. मला वाटलं, गप्पा मारतायत. पण तेल, सॉल्व्हंट, धूळ यांत राबलेल्या पुरुषांत आयजीजी-४ नावाच्या, रक्तातल्या एका प्रतिपिंडाशी जोडलेला आजार जास्त दिसतो म्हणे. शरीराची प्रतिकारशक्तीच नळीवर उलटते, भिंत जाड होते आणि फोटोत ती थेट कॅन्सरसारखी दिसते. सीए १९-९ तर नुसतं पित्त तुंबलं तरी वाढतं. जबड्याखालच्या लाळेच्या गाठी आणि स्वादुपिंडही ह्याच आजारात सुजतात; माझ्या जुन्याच सीटीत स्वादुपिंड सुजलेलं होतं. आधी त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

रक्तात आयजीजी-४ आलं ७८०. वरची मर्यादा साधारण १३५. मी म्हटलं, सुटलो! डॉक्टर हसले नाहीत. थोडं वाढलेलं कॅन्सरमध्येही सापडतं, तुमचं चौपटीच्या वर आहे म्हणून त्याला वजन; तरी तुकडा तपासल्याशिवाय स्टेरॉइड नाही. इआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, पित्तनळी उघडी ठेवायला स्टेंट ही बारीक नळी घातली, ब्रशनं पेशी घेतल्या, नळीचा तुकडाही घेतला. ब्रशमध्ये कॅन्सर दिसला नाही, तर म्हणाले, ब्रशला पुष्कळदा कॅन्सर चुकतो, त्यावर विसंबू नका. मला रागच आला. तुकड्याच्या रिपोर्टची वाट बघण्याइतके लांब दिवस मी कधी काढले नाहीत. त्यात आयजीजी-४च्या पेशी खच्चून भरलेल्या निघाल्या.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम सुरू झालं. महिन्याभरानं पुन्हा फोटो काढला तर नळी मोकळी. पुढं स्टेंटही निघाला. साखर मात्र चढली, चहा बिनसाखरेचा झाला. आता गोळी ५ मिलिग्रॅमवर आहे. हा आजार उलटतो, म्हणून दाढी करताना जबड्याखाली हात फिरवून बघतो.