जुन्या बँकेच्या भिंतीला सिमेंट नको

“एवढा खर्च करून गिलावा केला, तरी ओल वरच चढतेय!” वडोदऱ्यातल्या एका जुन्या बँकेच्या इमारतीत आज कानावर पडलेलं हे वाक्य डोक्यातून जाईना.

कारण भिंतीवरच दिसतं. कमरेपर्यंत गुळगुळीत सिमेंट, वर ऑइलपेंट. आणि सिमेंट संपतं बरोब्बर तिथेच लोण्याचा, म्हणजे भिंतीवर फुटलेल्या क्षारांचा, पांढरा पट्टा. बोट लावलं की विटेचा भुगा हातात येतो.

भिंत चुन्यातली आहे. जमिनीतून शोषलेली ओल ती चुन्यातून हळूहळू बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बुजते, पाणी वर सरकतं. जिथे सुकतं तिथे क्षारांचे स्फटिक होतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात.

सिमेंट काढाच, ओलीच्या रेषेवर अर्धा मीटरपर्यंत. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर क्षार पुन्हा आत जातात. मग भिंत सुकू द्या, महिने लागले तरी. घाई इथेच नडते. कळीचा चुना विझवून मुरवा, १ भाग चुन्याला ३ भाग वाळू-सुरखी (सुरखी म्हणजे विटेची भुकटी) घ्या, १०-१२ मिमीचे थर द्या आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. वर रंग चुन्याचाच.

१८८९ ची अन्योन्य सहकारी मंडळी ही पतसंस्था, १९०८ मध्ये सयाजीराव महाराजांनी स्थापलेली बँक ऑफ बडोदा. इतका जुना वारसा असलेल्या वडोदऱ्यात बँकांच्या इमारती अशा झिजू देणं मला पटत नाही.

घाणीचा चुना, म्हणजे घाणीत दळलेला चुना, करणारे कारागीर इथे कुणाच्या माहितीत आहेत का?