तासांच्या फॉर्मने काढलेला जीव: माझा अनुभव

थेरपिस्ट व्हायचं म्हणून मास्टर्स झालं, ट्रेनिंगची जागा मिळाली, खाण्याच्या आणि बॉडी इमेजच्या केसेस घ्यायच्या हे तर आधीच ठरलेलं. अडकलं ते सुपरव्हिजनच्या फॉर्मवर, म्हणजे सुपरव्हायझरच्या देखरेखीखाली केलेल्या कामाचे तास भरायचा फॉर्म, त्याचा राग अजून गेलेला नाही.

फॉर्ममध्ये मोजतात ते फक्त क्लायंटसमोर बसलेले तास. आता ईटिंग डिसऑर्डरमध्ये कितीतरी काम सेशनच्या बाहेर असतं. बुलिमियाच्या (खूप खाऊन मग उलट्या वगैरे करून ते काढून टाकायचा आजार) क्लायंटच्या उलट्या वाढल्या की पोटॅशियम खाली जाऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ब्लड टेस्ट झाली का हे डॉक्टरांना विचारा, मग डाएटिशियनशी बोला, कारण तीन जेवणं, मधलं खाणं, साधारण चार तासांपेक्षा जास्त गॅप नको, हे आम्ही दोघींनी सारखंच सांगायला हवं ना. हे सगळं शून्य तास! क्लायंट आली नाही तरी शून्य. आणि त्या येत नाहीतच कधीकधी, बरंही व्हायचं असतं आणि वजनाची धास्तीही असते, वजन करायचं म्हटलं की हमखास कॅन्सल. म्हणजे केस जितकी अवघड तितके आपले तास कमी.

तेही कसेबसे भरले, तर फाईल परत. का, तर सुपरव्हायझरची सही शेवटच्या पानावरच आहे, प्रत्येक पानावर पाहिजे. फॉर्मवर असं कुठेही लिहिलेलं नाही हो! मॅडम तोवर नोकरी सोडून गेलेल्या. काउंटरवरचा माणूस म्हणतो, दुसऱ्या कोणाची तरी आणा. ज्यांनी माझं काम बघितलंच नाही ते सही कशी करणार? मेल, फोन, वाट बघणं, शेवटी मॅडमनीच वेळ काढून पानंच्या पानं सह्या केल्या आणि त्या गठ्ठ्यावर त्याने न बघता शिक्का मारला. न बघता!

तर दर महिन्याला सही घ्या, पानापानावर, आणि कॉपी स्वतःकडे ठेवा. क्लायंटचं नाव नको, कोड लिहा.

सुपरव्हायझर या विषयातलाच बघा, नाहीतर 'खायला लागली ना, मग झालं' ऐकावं लागतं. आणि वजनावरून अंदाज बांधू नका, जाड माणसालाही ईटिंग डिसऑर्डर असू शकतो; बिंज ईटिंग डिसऑर्डरला (ताबा सुटून एकदम खूप खाल्लं जातं तो) डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली ती थेट २०१३ मध्ये, तोवर ही माणसं 'इतर'च्या खात्यात.

क्लायंट म्हणते 'माझ्या डोक्यात सतत खाणंच असतं, मी हावरट आहे', तेव्हा मी अमेरिकेतल्या मिनेसोटाचा १९४४-४५ चा उपासमारीचा प्रयोग सांगते. ३६ धडधाकट पुरुष, खाणं कमी केल्यावर त्यांच्याही डोक्यात जेवणाशिवाय काही राहिलं नाही, काही तर रेसिपीची पुस्तकं जमवायला लागले. हे ऐकून चेहरा सैल होतो बघा, आणि हा वेळ निदान फॉर्ममध्ये धरतात.

हां, खुर्च्या! स्वतःची रूम घ्याल तेव्हा हात नसलेली, रुंद खुर्ची घ्या. हातांमध्ये अडकून बसलेल्या माणसाशी शरीराबद्दल काय बोलणार?