आजीच्या पडवीतली करवंटी

फोंड्याला आजीच्या घरी मागच्या पडवीत एक करवंटी पालथी ठेवलेली असायची, कामाला येणाऱ्या बाईला चहा त्यातच, आणि मी लहानपणी कधी विचारलंच नाही की का. आता कॉलेजात समाजशास्त्र शिकवताना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस आला की तीच करवंटी डोळ्यासमोर येते. १८९५ ला हार्वर्डची पीएचडी मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय माणूस, पण पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कृष्णवर्णीयांच्या एका वस्तीच्या सर्व्हेसाठी बोलावलं तेव्हा शिकवायला वर्ग काही दिला नाही. हा बायकोला घेऊन फिलाडेल्फियाच्या त्या वस्तीतच राहायला गेला आणि स्वतः दारोदार फिरून जवळपास २,५०० घरांची माहिती काढली, भाडं किती, काम कुठे मिळतं, कुठे नाकारतात. गरिबी रक्तात नसते, लादलेली असते हे त्याने १८९९ लाच आकड्यांनी दाखवलं, तरी कितीतरी वर्षं अमेरिकन समाजशास्त्राने त्याला बाजूलाच ठेवलं, याचा मला खरंच राग येतो. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्याला पत्र लिहिलं, अस्पृश्यांची आणि कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे म्हणून, आणि त्याचं उत्तरही आलं.

परवा हे वर्गात सांगितलं तर मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, सर, पणजीत रूम बघायला गेले तेव्हा आधी आडनावच विचारलं. मग बेल झाली तरी कोणी उठलं नाही.