चांगचुनचा निकाल

22 सप्टेंबर 2022 च्या गुरुवारी आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीत कोणालाही फुरसत नव्हती. पीएफआय (पॉप्युलर फ्रंट ऑफ इंडिया) या संघटनेच्या ठिकाणांवर देशभर पडलेल्या छाप्यांनी पहिले पान भरले होते आणि माझ्याकडच्या परदेश पानावर, पुतिन यांनी राखीव सैनिकांना बोलावल्यामुळे, रशियाने बहुतेक जागा अडवली होती. अशा वेळी चीनचे माजी कायदामंत्री फू झेंगहुआ यांना चांगचुनच्या न्यायालयाने देहदंड सुनावल्याची, मात्र त्याला दोन वर्षांची स्थगिती दिल्याची बातमी आली.

“म्हणजे फाशी की जन्मठेप?” मुख्य उपसंपादकांनी पान लावता लावता विचारले. प्रश्न रास्त होता. दोन वर्षांत आरोपीने नवा गंभीर गुन्हा केला नाही, तर तिथे शिक्षा सहसा जन्मठेपेवर येते. 2015 च्या दुरुस्तीनंतर मात्र मोठ्या भ्रष्टाचाराच्या खटल्यात पुढची सूट आणि पॅरोल दोन्ही नाकारता येतात, आणि फू यांच्याबाबतीत न्यायालयाने तेच केले होते. “बरं, दीडशे शब्दांत बसवा,” ते म्हणाले.

दीडशे शब्दांत हा माणूस बसेना. 2010 मध्ये बीजिंगचे पोलीसप्रमुख होताच फू यांनी बड्यांची ऊठबस असलेल्या नाइटक्लबवर छापा घालून नाव कमावले. पुढे ते सार्वजनिक सुरक्षा खात्याचे उपमंत्री झाले. एकेकाळी साऱ्या पोलीस यंत्रणेचे सर्वेसर्वा असलेल्या झोउ योंगकांग यांच्या चौकशीत त्यांचा मोठा हात असल्याचे तेव्हा छापून आले होते. 2018 ते 2020 या काळात ते कायदामंत्री होते, म्हणजे वकिलांच्या परवान्यांवर देखरेख करणारे खाते त्यांच्याच हाती होते. निकालातला लाचेचा आकडा 11 कोटी 70 लाख युआन, म्हणजे तेव्हाचे सुमारे 130 कोटी रुपये होता. मला मात्र दुसरा आरोप अधिक बोलका वाटला: बीजिंगचे पोलीसप्रमुख असताना, 2014-15 मध्ये, त्यांनी सख्ख्या भावाचा गुन्हा दडपला होता. ज्या सुमारास झोउ यांच्यावरची कारवाई गाजत होती, त्याच सुमारास हेही घडत होते.

लाचेचा आकडा मी एका वाक्यात उरकला आणि भावाचा आरोप ठेवला. नाइटक्लबवरच्या छाप्याची हकिकत तेवढी कापावी लागली.

दुसऱ्या दिवशी त्याच न्यायालयाने सार्वजनिक सुरक्षा खात्याचेच आणखी एक माजी उपमंत्री सन लिजुन यांनाही तशीच शिक्षा सुनावली. लाचेची रक्कम 64 कोटी 60 लाख युआन, म्हणजे फू यांच्या पाचपटीहून अधिक होती. तरीही त्या बातमीला मिळाल्या जेमतेम सहा ओळी.