डेन्सिटीचं कन्व्हर्जन आणि दोन गॅलनचा घोळ – माझा अनुभव

मी अंबरनाथ एमआयडीसीत एका छोट्या पेंट युनिटमध्ये क्यूसीला (क्वालिटी कंट्रोल) आहे. आमच्याकडे डेन्सिटीला कोणी डेन्सिटी म्हणत नाही, डब्ल्यूपीएल म्हणतात, वेट पर लिटर, म्हणजे एका लिटरचं वजन किती किलो. सरकारी टेंडरचं काम असलं की तेच १० लिटरला किती किलो असं लिहायचं, म्हणजे नुसता पॉइंट सरकवायचा. त्यामुळे इतकी वर्षं कन्व्हर्जन असं काही करावंच लागलं नव्हतं.

मग एका एक्स्पोर्टरमार्फत अमेरिकेच्या पार्टीची ऑर्डर आली, ४०० लिटर इपॉक्सी प्रायमर, आणि स्पेसिफिकेशनमध्ये डेन्सिटी ११.२ पाउंड पर गॅलन, प्लस मायनस ०.२. आमच्या लॅबमध्ये एक जुनं रजिस्टर आहे, आधीच्या सरांच्या हातचं, त्यात पहिल्याच पानावर लिहिलंय की पाउंड पर गॅलनला १० ने भागा, डब्ल्यूपीएल मिळेल. मी भागलं, १.१२ आलं, सॅम्पल घ्यायला गेले.

१०० मिलीचा स्टीलचा कप असतो, झाकणाला मधोमध बारीक भोक. कप काठोकाठ भरायचा, बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत थांबायचं, मग झाकण हळूहळू दाबायचं म्हणजे जास्तीचा पेंट भोकातून बाहेर येतो, तो नीट पुसायचा आणि वजन करायचं. पुसण्यात हयगय केली तर तिसरा आकडा हमखास चुकतो. रिकाम्या कपाचं वजन वजा करून १३४.२ ग्रॅम आलं, म्हणजे डब्ल्यूपीएल १.३४२. परत केलं, तेच. कप बदलून केलं, तरी तेच.

सुपरवायझर दारातच उभे होते, म्हणाले मॅडम माल जड झालाय, थिनर सोडू का? पेंट मिसळायची वेसल (टाकी) चालू, पॅकिंगवाले डबे मांडून बसलेले, डिस्पॅच दुसऱ्या दिवशी, आणि खरं सांगते मी हो म्हणणारच होते. फक्त किती सोडायचं ते सांगायला कॅल्क्युलेटर काढला. आमचा थिनर म्हणजे मुख्यतः झायलीन, त्याची डेन्सिटी ०.८६ धरली, तर १.३४ वरून १.१२ वर यायला ४०० लिटरमध्ये जवळजवळ ३४० लिटर थिनर टाकावा लागत होता! असं कुठे असतं का, एवढ्या थिनरमध्ये प्रायमर राहीलच कसा. वर फोर्ड कपने मोजलेली व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) बरोबर, सॉलिड्स (पेंट वाळल्यावर उरणारा भाग) बरोबर, मग एकटी डेन्सिटीच इतकी कशी चुकेल? मी त्यांना म्हटलं, काका, अर्धा तास द्या, काही टाकू नका.

मग उलटं करून बघितलं. आमचे १.३४२ सरांच्या हिशेबाने १३.४२ पाउंड पर गॅलन होतात आणि पार्टीला हवेत ११.२, दोन्हींचा भागाकार केला तर बरोबर १.२ च्या आसपास. हा १.२ कुठेतरी बघितलाय असं वाटत राहिलं आणि मग मापांच्या टेबलमध्ये सापडला, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ लिटरचा. यांचा भागाकार १.२०! माल एकदम बरोबर होता, गॅलन चुकीचा धरला होता.

सरांचं सूत्र चूक नव्हतं हे मला मुद्दाम सांगायचंय. ब्रिटिशांनी १८२४ साली गॅलन ठरवला तोच मुळी १० पाउंड पाण्याला जेवढी जागा लागते तेवढा, म्हणून १० ने भागलं की चालतं (नेमकं १०.०२, पण चालतं). आपल्याकडे मेट्रिक यायच्या आधी तोच गॅलन होता, सर त्याच हिशेबात शिकलेले. अमेरिकेने मात्र १७०७ चा जुना वाइन गॅलन, २३१ घन इंचांचा, तसाच ठेवला. पाउंड दोघांचा एकच, १९५९ पासून ०.४५३५९२३७ किलो. आपण किलो-लिटर सोडून सगळ्याला इम्पिरियल म्हणून एकाच पोत्यात घालतो, तिथेच फसतो, कारण अमेरिकन गॅलन इम्पिरियल नाहीच.

आता मी फॅक्टर पाठ करत नाही, पाण्यावरून चेक करते. पाण्याची डेन्सिटी १ धरली तर अमेरिकन गॅलनला ८.३४५ पाउंड, ब्रिटिशला १०.०२, आणि घनफुटाला ६२.४३. पेंटचा डब्ल्यूपीएल या आकड्याने गुणायचा, झालं. १.३४२ गुणिले ८.३४५ म्हणजे ११.२०. कागदावर नुसतं गॅलन लिहिलं असेल तर कुठला ते विचारल्याशिवाय मी पेन उचलत नाही. टेंपरेचरही लिहून घेते, आमची लॅब दुपारी ३२ डिग्रीला असते आणि स्पेसिफिकेशन २५ चं, फरक थोडाच पडतो पण प्लस मायनस अगदी कमी दिलेला असला की तेवढाही नडतो.

पुढे त्याच पार्टीने फ्रेटसाठी पाउंड पर घनफूट मागितलं. ६२.४३ ने गुणून ८३.८ आलं, आणि घनफुटात ७.४८ अमेरिकन गॅलन बसतात म्हणून ११.२ ला ७.४८ ने गुणलं, तेही ८३.८. दोन वाटांनी एकच आकडा आला की सही करताना हात अडखळत नाही.

त्या दिवशी थिनरचा एक थेंब न टाकता माल पॅक झाला. सर्टिफिकेटवर मी लिहिलं, १.३४२ किलो पर लिटर, ११.२० पाउंड पर यूएस गॅलन, २५ डिग्रीला, आणि ते पहिल्या फटक्यात पास झालं. रजिस्टरमध्ये सरांच्या सूत्राखाली लाल पेनने ‘ब्रिटिश गॅलन’ लिहून ठेवलंय. आतली जुनी फॉर्म्युलेशनं अजून बाकी आहेत, रोज दोन-तीन पानं तपासते.