पांतानालला जॅग्वार बघायला गेलो होतो, माझा अनुभव

आम्ही नागपूरचे, ताडोबा-पेंच लहानपणापासून फिरलेलो, त्यामुळे एकदा तरी जॅग्वार बघायचाच हे नवऱ्याच्या नि माझ्या डोक्यात कित्येक वर्षं होतं. शेवटी गेल्या ऑगस्टमध्ये ब्राझीलच्या पांतानालला, म्हणजे तिथल्या प्रचंड पाणथळ प्रदेशात, जाऊन आलो.

आधी तयारीचं सांगते. व्हिसा लागतो आणि यलो फीव्हरची लस. लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची आणि ते पिवळं कार्ड जपून ठेवायचं, कारण परत येताना आपल्याच एअरपोर्टवर ते बघतात, नसलं तर क्वारंटाइन करू शकतात. आम्ही लस शेवटच्या महिन्यावर ठेवली आणि गेलो त्या दिवशी सेंटरवर लस संपलेली! पुढच्या आठवड्यात परत खेप, तोवर जीव टांगणीला. तिकिटं काढली की पहिले लस घेऊन टाका.

मुंबई, आदिस अबाबा, साओ पाउलो, मग कुयाबा. तिथून शंभरेक किमीवर पोकोने, आणि मग सुरू होतो ट्रान्सपांतानेइरा, म्हणजे जवळपास 145 किमीचा कच्चा रस्ता, वाटेत शंभराच्या वर पूल आणि प्रत्येक पुलाखालच्या डबक्यात जाकारे (तिथली सुसर म्हणा) ओंडक्यांसारख्या पडलेल्या. जुलै ते ऑक्टोबर पाणी आटतं, सगळे प्राणी उरलेल्या पाण्याशी येतात, म्हणून तेव्हाच जायचं. पण स्वेटर न्या, दक्षिणेकडून गार वारं आलं की पहाटे बोटीत दात वाजतात.

पहिले दोन दिवस गवताळ भागातल्या एका फार्मवर राहिलो. तिथे जायंट अँटईटर (मुंग्या खाणारा लांब तोंडाचा मोठा प्राणी) दिसला आणि खरं सांगते, जॅग्वारइतकाच तो लक्षात राहिलाय. त्याला दिसतं कमी पण वास फार लांबून येतो, म्हणून गाइडने आधी मूठभर धूळ उडवून वारा कुठला ते बघितलं आणि आम्हाला लांबून फिरवून, वारा त्याच्याकडून आमच्याकडे येईल अशा बाजूला नेलं. नख्या आत दुमडून, बोटांच्या पेरांवर चालत होता, शेपटी मोठ्या झाडूसारखी, आणि पाठीवर पिल्लू, आईच्या काळ्या पट्ट्याला त्याचा पट्टा असा जुळलेला की गाइडने दाखवेपर्यंत मला पिल्लू आहे हेच कळलं नव्हतं.

पुढे 2020 च्या आगीत जळालेल्या ताडांची काळी खोडं दिसली, फार वाईट वाटलं. त्यातल्याच एकावर निळ्या हायसिंथ मकावची जोडी बसलेली, मीटरभर लांबीचे पोपट!

रस्ता संपतो पोर्तू जोफ्रीला, पुढे सगळं बोटीने. जंगलात जिप्सी गाडीतून फिरायची सवय असलेल्याला हे वेगळंच, धूळ नाही, प्राण्यांचे धोक्याचे आवाज (कॉल) ऐकत थांबणं नाही, नदीचे काठ नजरेने चाळत राहायचं. पाण्यावर सगळीकडे जलपर्णी, आपल्या नद्यांचा जीव घेणारी तीच, पण मूळची इकडचीच, आणि इथे कॅपिबारा (उंदरांच्या जातीतला पण खूप मोठा प्राणी) ती आरामात खात बसलेले.

दोन दिवस फक्त पंजांचे ठसे आणि एकदा झाडीत शेपूट. तिसऱ्या दिवशी दुपारी बोटवाल्याने एकदम इंजिन बंद केलं आणि हळूच म्हणाला, "ओन्सा", म्हणजे जॅग्वार. जलपर्णीतून फक्त डोकं पुढे येत होतं, लाट नाही, आवाज नाही. काठावर जाकारे झोपलेली. एक उडी, पाणी उसळलं, आणि वर आली तेव्हा जाकारे तोंडात. आपला वाघ गळा धरतो, हिने मागून थेट कवटीतच दात रोवलेले. ठिपके ओले, गुलाबाच्या आकाराच्या त्या ठिपक्यांच्या आतले बारीक काळे टिंबसुद्धा दिसत होते इतकी जवळ. तेवढं ओझं घेऊन उभा काठ चढली आणि झाडीत गेली.

बोटीत आम्ही सहा जण, कोणीच बोलेना. नवऱ्याच्या हातात कॅमेरा तसाच, डोळ्यात पाणी. बोटवाल्यानेही बराच वेळ इंजिन चालू केलं नाही.