समासातली नावे
(माजी विद्यार्थी, दहावी मार्च १९९२ ची तुकडी)

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत स्नेहसंमेलने, सहली आणि खो-खोचे सामने यांच्या आठवणी पुष्कळ येतील आणि त्या यायलाच हव्यात. संपादक मंडळाच्या अनुमतीने मी मात्र एकाच गोष्टीविषयी लिहिणार आहे. वर्गात कळले असे वाटलेले आणि घरी वही उघडताच अडून बसलेले गणित आम्ही कोणाला विचारीत होतो, आणि कसे विचारीत होतो, एवढाच माझा विषय आहे.

आमचे गणिताचे सर उत्तम शिकवीत, याबद्दल आमच्या तुकडीत आजही दुमत नाही. परंतु ते तालुक्याच्या गावाहून, म्हणजे दारव्ह्याहून येत आणि शाळा सुटली की शेवटच्या एसटीने परत जात. गृहपाठातली अडचण नेमकी ती एसटी गेल्यावर उभी राही. गावात शिकवणी लावण्याची सोय नव्हती. घरी विचारावे, तर हिशेब येणारी माणसे होती, पण बीजगणित पाहिलेले कोणी नव्हते. माझे आजोबा जुन्या चौथीपर्यंत शिकलेले असूनही पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांना तोंडपाठ होते. सात औट, म्हणजे सात साडेतीन किती, असे विचारले की साडेचोवीस हे उत्तर प्रश्न संपण्याच्या आत येई. सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत घातलेल्या कापसाचा चुकारा किती निघतो, हे खरेदी केंद्रावरची चिठ्ठी हाती पडण्याआधी ते तोंडी सांगत. मात्र ‘क्ष’ ही किंमत ठाऊक नसलेली संख्या आहे, असे मी सांगितल्यावर त्यांनी विचारले, “ठाऊक नाही, तं लिहून कायले ठेवतेत?” प्रश्न रास्त होता, पण त्याने माझा गृहपाठ पुढे सरकत नव्हता.

अडचणीचे दुसरे कारण पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत होते. दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू होई तेव्हा आमच्या भागात वेचणी ऐन भरात असे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे घरातले हात जितके अधिक तितके बरे, आणि वर्गातली निम्मी मुले-मुली आळीपाळीने शेतात असत. भाषेचा किंवा इतिहासाचा धडा चुकला तर तो घरी वाचून भरून काढता येतो. वर्गसमीकरणे शिकवण्याच्या आठवड्यात जो शाळेत नव्हता, त्याला मात्र पुढची सगळी प्रकरणे परक्या भाषेत लिहिल्यासारखी वाटत. सरांना हे दिसत होते, पण अभ्यासक्रम मार्चपर्यंत संपवायचा असल्यामुळे प्रत्येकासाठी मागे जाणे त्यांना शक्य नव्हते. तेव्हा चुकलेला तास ज्याचा चुकला नव्हता त्याच्याकडूनच घ्यायचा, ही रीत आमच्यात गरजेपोटी आली. कोणी मुद्दाम उपक्रम काढला, समिती नेमली, असे काही घडले नाही.

बसण्याची जागाही अशीच आपोआप ठरली. गावातल्या, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थना मंदिरात सूर्यास्ताच्या सुमारास सामुदायिक प्रार्थना होई. प्रार्थना आटोपली की मोठी माणसे उठून जात, सतरंज्या तशाच अंथरलेल्या असत, आणि घरच्या कंदिलापेक्षा तिथला दिवा कितीतरी चांगला होता. मंडळाच्या सेवाधिकाऱ्यांची अट एवढीच होती की, आवाज करायचा नाही आणि निघताना सतरंज्या झटकून घड्या घालायच्या. पहिली अट पाळली गेली नाही, कारण गणित समजावताना आवाज चढतोच; पण ते ऐकून न ऐकल्यासारखे करीत.

वर्गात नेहमी पहिला येणारा मुलगा आमच्यात बसे, पण समजावून सांगण्याच्या कामी त्याचा उपयोग बेताचाच होता, हे मी त्याच्याबद्दलचा सगळा आदर राखून लिहितो. त्याला उत्तर एकदम दिसे. मधल्या तीन पायऱ्या तो गाळी आणि आपण काय गाळले हे त्याला सांगताही येत नसे. “हे तं दिसूनच राहिलं न,” एवढे त्याचे स्पष्टीकरण. ज्याला ते दिसत नव्हते तो त्याने आणखी खचे. याउलट नववीत एक वर्ष राहून आमच्या वर्गात आलेला एक मुलगा होता. परीक्षेतले त्याचे गुण कधी डोळ्यांत भरण्यासारखे नव्हते, परंतु गणित कोणत्या ओळीवर अडते हे त्याच्याइतके अचूक कोणालाच कळत नसे, कारण त्या प्रत्येक ओळीवर तो स्वतः कधी ना कधी अडलेला होता. वही पुढे केली की तो ती घेत नसे. “कुठलोक आला तू, थे दाखव,” असे म्हणे. काहीच आले नाही, असे उत्तर मिळाले तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: “दिलं काय अन् काहाडाचं काय, थे तं लिहिलं असन?” बहुतेकांनी तेही लिहिलेले नसे. ते लिहायला लावले की निम्म्या वेळा त्याला आणखी काही सांगावे लागत नसे, आणि आपले काम संपले अशा थाटात तो खिशातले फुटाणे काढून खात बसे.

वही न देण्याचा त्याचा नियम हळूहळू सगळ्यांचाच झाला. याचा अर्थ आमच्या वर्गात वह्या उतरवून घेतल्या जात नव्हत्या असा नाही. सकाळी प्रार्थनेची घंटा होण्याआधी वऱ्हांड्यात तो उद्योग जोरात चाले. गावात एका घरी गाईड होते, त्याची पाने तर हातोहात फिरून कोपऱ्यांशी काळी झाली होती. शिवाय पाठ्यपुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची असे, तेव्हा उत्तर आधी पाहून त्याच्याशी जुळतील अशा पायऱ्या खालून वर रचत नेण्याची कलाही काहींनी चांगली साधली होती. पण मंदिरात बसणाऱ्यांमध्ये अशी जुळवाजुळव टिकत नसे, कारण कोणीतरी हमखास विचारी, “ही ओळ कुठून आली?” गुरुजनांना फसवणे त्या मानाने सोपे होते.

मुली संध्याकाळी मंदिरात थांबत नसत. त्या काळी ते कोणाच्या घरी चालण्यासारखे नव्हते, आणि त्यात मुलींचे नुकसान झाले हे आज स्पष्ट लिहिले पाहिजे. आमचेही झाले, कारण भूमितीत सर्वांत पुढे असणारी विद्यार्थिनी होती. तिच्या धाकट्या भावाने यावर तोडगा काढला. तो आमच्याबरोबर प्रार्थनेला येई. रायडर, म्हणजे प्रमेयावर आधारलेले सिद्धतेचे उदाहरण, अडला की आकृती काढलेला कागद तो घरी नेई आणि बहिणीचे उत्तर घेऊन येई. चौकोनाच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले असता समांतरभुज चौकोन मिळतो, हे सिद्ध करायचे होते. चौकोन वाटेल तसा, वेडावाकडा. त्याच्याविषयी दुसरे काहीही दिलेले नाही. आम्ही कोन मोजण्यापासून एकरूप त्रिकोण शोधण्यापर्यंत सगळे करून पाहिले आणि शेवटी कागद पाठवला. तो परत आला तेव्हा त्यावर एका अक्षराचीही भर नव्हती; आमच्याच आकृतीत एक कर्ण तुटक रेषेने जोडलेला होता. “ताईनं सांगतलं का एवढंच पुरे हाय,” असा निरोप भावाने दिला.

थोडा वेळ सगळ्यांना ही थट्टा वाटली. मग एकाने त्या कर्णाच्या वरचा भाग हाताने झाकला, आणि खाली एक त्रिकोण उरला, ज्याच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडलेले होते. त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मा असतो, हे प्रमेय आम्हाला घोकून पाठ होते, पण चौकोनात त्याचे काही काम असेल असे कोणाच्या मनात आले नव्हते. खालचा भाग झाकला तर वरही तेच. म्हणजे समोरासमोरचे दोन्ही रेषाखंड त्या एकाच कर्णाला समांतर आणि दोन्ही त्याच्या निम्मे. चौकोनाच्या संमुख बाजूंची एक जोडी समांतर आणि समान झाली की सिद्धतेत काही उरतच नाही. तिने पूर्ण सिद्धता लिहून पाठवली असती तर आम्ही ती निमूटपणे उतरवली असती आणि वार्षिक परीक्षेपर्यंत विसरलो असतो. एवढ्या कमी मदतीत एवढे काम होते, हे मी नंतर मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या माणसांतही क्वचित पाहिले.

बीजगणितातले एक उदाहरणही सविस्तर सांगण्यासारखे आहे. एक आगगाडी १२० किलोमीटर अंतर एकसमान वेगाने जाते. तिचा वेग ताशी १० किलोमीटरने अधिक असता तर तिला एक तास कमी लागला असता. तर तिचा वेग काढा. आमच्या परिसरातून त्या काळी जाणारी आगगाडी म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद रुळांवरची शकुंतला. तिला तेव्हा वाफेचे इंजिन होते, डिझेलचे १९९४ साली आले, आणि चढावर पोरे तिच्याबरोबर पळत असत. त्यामुळे ‘वेग ताशी १० किलोमीटरने अधिक असता तर’ या शब्दांवरच आधी बराच वेळ हसण्यात गेला. पुढे वेग क्ष मानून समीकरण मांडून झाले: १२०/क्ष − १२०/(क्ष + १०) = १, म्हणजेच क्ष² + १०क्ष − १२०० = ०. अवयव पडले, (क्ष + ४०)(क्ष − ३०) = ०, आणि क्षच्या किमती आल्या उणे ४० आणि ३०. ‘वेग ऋण नसतो, म्हणून क्ष = − ४० ही किंमत त्याज्य’ हे वाक्य आम्हाला सरांनी शिकवलेलेच होते. ते लिहून सगळ्यांनी वह्या मिटल्या.

वेचणीमुळे तो तास चुकलेला एक मुलगा मात्र अडून बसला. वेग ऋण नसतो हे त्याला मान्य होते. पण नसतो, तर आपल्या समीकरणातून तो निघाला कसा? “गाडी उलटी जाऊन राहिली काय?” असे कोणी तरी म्हणाले आणि पुन्हा हशा झाला. तो हसला नाही. “घालून तं पाहू,” असे म्हणत त्याने मूळ समीकरणात क्षच्या जागी उणे ४० लिहिले. १२० भागिले उणे ४० म्हणजे उणे ३. वाढवलेला वेग उणे ३०, तेव्हा १२० भागिले उणे ३० म्हणजे उणे ४. उणे ३ मधून उणे ४ वजा केले की १ उरतो. समीकरण बरोबर सुटत होते. त्याहून नवल म्हणजे, टाकून दिलेल्या किमतीत जो ४० हा अंक होता तोच गाडीचा वाढलेला वेग होता. ३० अधिक १० म्हणजे ४०. हा योगायोग आहे की नेहमीच असे होते, हे पाहण्यासाठी आम्ही अंतर आणि वेगातला फरक बदलून आणखी उदाहरणे तयार केली, आणि दर वेळी टाकाऊ किंमत ही वाढलेल्या वेगाचीच ऋण बाजू निघाली. गृहपाठात हे कोणी विचारले नव्हते. ज्याला गणित येत नाही म्हणून आम्ही समजावायला बसलो होतो, त्याच्या हट्टामुळे ज्यांना येत होते त्यांनाही ते त्या रात्री नीट कळले. समजावून सांगण्यात हुशार मुलांचा वेळ वाया जातो, असे पालकसभेत आजही ऐकू येते. तसे म्हणणाऱ्यांनी अशी एखादी बैठक पाहिलेली नसावी.

दुसऱ्या दिवशी हे सरांच्या कानी गेले. आम्ही एकत्र बसतो हे त्यांना आधीपासून ठाऊक होते, कारण एकच चूक सात वह्यांत एकाच ओळीवर सापडली की तपासणाऱ्याला सगळे कळते. त्यांनी बंदी घातली नाही. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, ज्याने दुसऱ्याला विचारून गणित सोडवले असेल त्याने त्या गणिताशेजारी समासात त्या दुसऱ्याचे नाव लिहावे. त्यासाठी गुण कापले जाणार नाहीत. दुसरी अशी की, फळ्यावर ते गणित सोडवायला ज्याने विचारले त्यालाच बोलावले जाईल, ज्याने सांगितले त्याला नव्हे. पहिले काही दिवस समास कोरे राहिले, कारण नाव लिहिणे म्हणजे आपल्याला येत नाही याची कबुली देणे असे वाटे. मग नववीत राहिलेल्या त्या मुलाचे नाव इतक्या वह्यांच्या समासात दिसू लागले की सरांनी एकदा ते भर वर्गात मोजले. त्याचे प्रगतिपुस्तक त्याच्याबद्दल जे सांगत आले होते, त्यापेक्षा हे वेगळे होते. आज तो कृषी सेवा केंद्र चालवतो, आणि फवारणीच्या औषधाचे प्रमाण विचारायला आलेल्या शेतकऱ्यालाही आधी तो एकर किती आणि पंप किती लिटरचा, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतो.

पुढे तंत्रनिकेतनात शिकताना वसतिगृहात मला उलटा अनुभव आला. तिथे तयार उत्तरे सहज मिळत, पण अडलेली ओळ दाखवायला कोणी बसत नसे, आणि विचारणाऱ्याकडे सगळे वेगळ्या नजरेने पाहत. आता तर मोबाइलवर गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर येते. मागच्या खेपेस शाळेत आलो तेव्हा दहावीच्या मुलांनी मला ते मोठ्या कौतुकाने करून दाखवले. पायऱ्या बिनचूक होत्या. त्यांतली तिसरी ओळ दुसऱ्या ओळीतून कशी आली, असे विचारले तेव्हा मुले एकमेकांकडे पाहू लागली, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मला येते, पण सर म्हणाले तरच सांगीन.” सरांच्या होकाराची वाट न पाहता तिला खडू द्यावा, असे मला वाटले आणि मी तो दिला.

आमच्या तुकडीच्या वतीने मुख्याध्यापकांकडे एक विनंती केलेली आहे, ती येथेही नोंदवतो. नवीन इमारतीतली एक खोली दुसऱ्या सत्रात रोज संध्याकाळी दोन तास उघडी ठेवावी, मुलींना दिवेलागणीच्या आत घरी पोहोचता येईल अशी वेळ धरावी, आणि वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहिलेल्यांना तिथे आधी बसवावे. खोलीत मोठा फळा असावा. शिक्षकांनी तिथे बसू नये. फार तर जाता जाता डोकवावे. वीजबिल, खडू आणि सतरंज्यांचा खर्च १९९२ ची तुकडी उचलेल. वर्गणीचा हिशेब कृषी सेवा केंद्रात ठेवला आहे.